चौथ्या दिवशी उठणारी सून

हुरूनं रजई ओढली ती एका हिसक्यात, आणि तीही गल्लीतल्या चार बायका दारात आणून उभ्या करून. आत गादीवर तिची सून दुर्दाने भिंतीकडे तोंड करून पडली होती, अंग तापानं भाजत होतं, ओठ दातांत धरलेला...

"बघा गं बायांनो," हुरू म्हणाली, "अंगणात काकवीसाठी सहा कढया द्राक्षाचा रस चुलीवर चढलाय आणि आमच्या सूनबाई झोपल्यात. मागल्या साली काकवी लावली तेव्हा पोट दुखलं. त्याच्या मागल्या साली काकवीलाच. पोटाला बरं कॅलेंडर वाचता येतं हिच्या."

बायका हसल्या. शेजारची झेलिहा तेवढी म्हणाली, "अगं हुरू, ताप आहे तिला. हात तर लावून बघ."

"ताप मलाही आणता येतो. चुलीपाशी बसलं की येतो. ऊठ गं."

दुर्दानेला उत्तर देता आलं असतं, पण पडवीत सासरा बसला होता, आबिदीन. आणि तुर्कस्तानातल्या टोकात शहराकडच्या त्या डोंगरी गावांत सून सासऱ्याच्या कानावर आवाज पडू देत नाही. सासरा एक दिवस आपणहून काहीतरी भेट हातावर ठेवतो, म्हणतो बोल पोरी, मग तिची जीभ मोकळी होते. कुणाची सहा महिन्यांत होते, कुणाची पहिलं लेकरू झालं की. दुर्दानेला बारा वर्षं झाली होती. आबिदीन माणूस दुष्ट नव्हता हो, विसरला होता. मेंढरांच्या कुत्र्यांना भाकरी टाकायची त्याला रोज आठवायची, हे तेवढं राहून गेलं. नवरा याकूब जर्मनीत कारखान्यात, उन्हाळ्यात महिनाभर यायचा. मग सांगायचं कुणाला, आणि कशानं?

उठली. कढईपाशी उभी राहिली, हातभर लांबीचं लाकडी उलथनं धरून, आणि पोटात असं वाटत होतं की कुणीतरी आतून ओल्या कातड्यासारखं पिळतंय... संध्याकाळी ती तिथंच खाली बसली, तर हुरूनं तिच्या पाठीला पायानं ढोसलं. जोरात नाही. पण बायकांसमोर.

आता खरी गोची ऐका. तीन दिवस दुर्दाने अशी मरायला टेकायची आणि चौथ्या दिवशी ठणठणीत. चौथ्या दिवशी ती पहाटे उठून गालिचे धुवायची, सरपण फोडायची, विहिरीवरून दोन-दोन घागरी आणायची. आता हे बघून कोण म्हणेल हो की बाई आजारी होती? तिला स्वतःलाच शंका यायची, आपण खरंच सोंग करतो की काय. एकदा शहरात नेऊन अपेंडिक्सही काढलं. टाके सुकले आणि दोन महिन्यांत पुन्हा तेच दुखणं. हुरू म्हणाली, "पोट फाडून घेतलं, पण नाटक काही पोटातून निघालं नाही."

आणि ही हुरू कोण? दुर्दानेची सख्खी मावशी. आई छत्तिसाव्या वर्षी गेली, अंगभर सूज येऊन, तेव्हा ह्याच मावशीनं तिला कुशीत घेऊन निजवलं होतं, तिच्या वेण्या घातल्या होत्या, आपल्याच मुलाला करून घेतली होती. लग्नाच्या दिवशी मावशी संपली आणि सासू सुरू झाली. हे दुर्दानेला पोटाच्या दुखण्यापेक्षा जास्त सलायचं. परक्यानं लाथ मारली तर माणूस विसरतं...

एक गोष्ट तिनं पाहिली होती पण तिचा अर्थ तिला लागला नव्हता. महिन्या दोन महिन्यांनी काही दिवस हुरू कमरेला लोकरीचा पट्टा करकचून बांधायची, त्यात चुलीतला गरम सपाट दगड खोचायची आणि दिवसभर वेड्यासारखं काम करायची. त्या दिवसांत तिची जीभ जास्तच चालायची. घरातली मांजरसुद्धा त्या दिवशी गच्चीवर जाऊन बसायची.

हिवाळा सरला, ईद आली. ईदच्या आदल्या दिवशी, भर सकाळी, दुर्दानेची आठ वर्षांची नेझाकत पोट धरून अंगणात बसली. हात लावला तर चटका बसावा असा ताप. दुर्दानेनं लेकीच्या पोटावर हात ठेवला... पोट फळीसारखं कडक. हे पोट ती ओळखत होती. हे तिचंच पोट होतं.

हुरू ताक घुसळायचं पिशवीसारखं कातडं टांगत होती. तिनं वळून पाहिलं आणि म्हणाली, "झालं. आईचं बघून लेक शिकली. सणाचं काम निघालं की दोघी आडव्या. ऊठ गं नेझाकत, धर हे, घुसळ."

"आजी, दुखतंय."

"दुखतं ते कामानं जातं. मी सांगते ना. धर."

पोरगी उठली. आजीला भ्यायची ती. दहा-बारा हेलकावे दिले असतील, मग ओकली आणि त्या ओकारीवरच पडली, डोळे पांढरे करून. हुरू तिला दंडाला धरून उभी करायला गेली.

तेव्हा अंगणात एक आवाज आला.

"बाबा, पोरीला दवाखान्यात न्यायचीय. ट्रॅक्टर काढा."

पडवीत बसलेल्या आबिदीननं आधी फाटकाकडे पाहिलं, मग शेजारच्या गच्चीवर. कोण बोललं ते त्याला कळेना. बारा वर्षं ज्या बाईच्या हातचं खाल्लं तिचा आवाज त्याला माहीत नव्हता. मग त्यानं दुर्दानेकडे पाहिलं. ती पोरीला कवेत घेऊन उभी होती, आणि नजर खाली नव्हती.

हुरूचा चेहरा राखेसारखा झाला. "सासऱ्यासमोर तोंड उघडलंस? विचारल्यावाचून? ठीक आहे. त्या फाटकाबाहेर पाय टाकलास तर परत आत टाकायचा नाही. आणि पोरगी आमच्या घराण्याची आहे, ती इथंच राहील."

"मावशी, मला हाकल," दुर्दाने म्हणाली, "आज नाही, ईद झाल्यावर हाकल, मी माझी गादीसुद्धा नेणार नाही. पण हिला मी बारा वर्षं घुसळू देणार नाही. मला कुणी विचारलं नाही, मी सोसलं... हिचं मी विचारणारच."

आबिदीन उठला, खिशात किल्ली चाचपली. जाता जाता बायकोला एवढंच म्हणाला, "आवाज हुबेहूब तुझ्या बहिणीचा आहे गं."

हुरू तिथंच कातड्याला धरून उभी राहिली.

शहरातल्या सरकारी इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण होती, इस्तंबूलची, बोटं शाईनं माखलेली. तिनं नेझाकतला तपासलं आणि मग दुर्दानेकडे वळून विचारलं, "असं तुम्हालाही होतं?"

दुर्दानेनं मान हलवली.

"पोट कडक, ताप, कधी छातीत कळ, कधी घोटा सुजतो. तीन दिवस. चौथ्या दिवशी काहीच नाही. आणि घरचे म्हणतात सोंग करते. बरोबर?"

दुर्दाने रडायला लागली. दुखण्यानं नाही... तिचं दुखणं दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं, अगदी जसंच्या तसं.

आबिदीन टोपी हातात घेऊन भिंतीशी उभा होता. तो म्हणाला, "पण डॉक्टरीणबाई, आहे काय हे?"

"तुमच्याकडे मेंढरं आहेत का?"

"शंभरेक."

"कुत्री?"

"चार. लांडग्याला फाडतील अशी."

"माणसाच्या रक्तातही अशी कुत्री असतात. पांढऱ्या पेशी. त्यातल्या सगळ्यात तापट जातीला न्यूट्रोफिल म्हणतात. जंतू शिरला की पहिली तीच धावतात, चावतात, मरतातही. तुमच्या सुनेला जन्मतःच एक खोट आहे, आईबापांकडून आलेली. लांडगा नसतानाच कुत्री सुटतात आणि आपल्याच मेंढरांवर पडतात. पोटाच्या अस्तरावर, सांध्यांवर. तीन दिवस फाडतात, मग दमून झोपतात. म्हणून चौथ्या दिवशी बाई बरी."

"आणि सुटतात कधी?"

"कधीही. पण दगदग झाली, धास्ती घेतली, उभ्या उभ्या राबवलं की हमखास."

आबिदीननं टोपी दुसऱ्या हातात घेतली. "म्हणजे काकवीच्या दिवशी..."

"काकवीच्या दिवशी येणारच की, काका. त्याच दिवशी तर येणार."

नेझाकतला गोळी मिळाली. रोज घ्यायची, जन्मभर, एक दिवस चुकवायची नाही. ती गोळी म्हणजे कुत्र्यांच्या गळ्यात लोढणं, डॉक्टरीण म्हणाली, मारत नाही, पळू देत नाही. पोरीची लघवी तपासली, स्वच्छ निघाली. मग दुर्दानेची तपासली. नळीत तापवली तर दह्यासारखी फुटली. डॉक्टरिणीनं तिच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. खड्डा तसाच राहिला.

"दरवेळी आग लागते तेव्हा थोडी राख उरते," ती हळू म्हणाली. "वर्षानुवर्षांची राख तुमच्या मूत्रपिंडात साठलीय. गोळी आजपासून सुरू करू. दहा वर्षांपूर्वी आला असतात तर..."

"पोरीला होईल का हे, राखेचं?"

"गोळी चुकवली नाही तर नाही होणार."

"मग बास," दुर्दाने म्हणाली. तिनं आपलं पुढचं काही विचारलंच नाही. आबिदीननं विचारलं, ती बाहेर गेल्यावर. वर्ष, फार तर दोन, मग अंकाऱ्याला रक्त धुणाऱ्या यंत्रावर... असं उत्तर आलं. तो म्हातारा इस्पितळाच्या पायरीवर बसून राहिला. सुनेला बोल म्हणायचं राहिलं होतं ना त्याचं.

परत आले तर फाटक उघडं होतं. हुरू चुलीपाशी. आबिदीननं उभ्या उभ्या सगळं सांगितलं, कुत्री, राख, गोळी, वर्ष दोन वर्षं. काही गाळलं नाही त्यानं. हुरू ऐकत होती, आणि एकदम म्हणाली, "खोटं आहे. असं असतं तर मी कधीच मेले असते. मला चाळीस वर्षं..."

आणि थांबली.

दुर्दाने पोरीला निजवून दारात आली होती. तिनं सासूच्या कमरेकडे पाहिलं. पट्टा होता. दगड होता.

"तुलाही?" दुर्दानेनं विचारलं.

"मला वाटलं सगळ्या बायकांना होतं," हुरू म्हणाली. आवाज असा, आत्ताच स्वतःच्या मुलाला पुरून आल्यासारखा. "बाईची जात आहे, दुखणारच. तुझी आई झोपायची. दुखलं की झोपायची, लाडकी होती ना ती... आणि झोपून झोपून सुजून मेली माझ्या डोळ्यांदेखत. मी उठायचे. मी जगले. मला वाटलं उठतं ते जगतं. तू आडवी झालीस की मला तीच दिसायची, म्हणून मी तुला ओढायचे..."

"लाथ पण मारलीस."

"मारली." हुरूनं मान खाली घातली नाही. "चीड पण यायची गं. मी पट्टा बांधून राबतेय आणि ही पडलीय. मला कधी कुणी पडू दिलं नाही, मग हिला का? हेही होतं. खोटं नाही बोलत."

आठवड्यानं हुरू एकटीच बसनं शहराला गेली. डॉक्टरिणीसमोर बसली आणि म्हणाली, "माझं मूत्रपिंड काढा. दोन्ही काढा. सुनेला लावा." डॉक्टरिणीनं तिला तपासलं, पुन्हा पुन्हा तपासलं. लघवी झऱ्याच्या पाण्यासारखी. एकच रोग, एकच रक्त. एकीला राख लागली, एकीला लागली नाही, का ते सांगता यायचं नाही म्हणाली. पण जिला हाच रोग आहे तिचं मूत्रपिंड घेता येत नाही. हुरू टेबलाला धरून बसली. "म्हणजे माझं तिच्या काहीच उपयोगाचं नाही?"

"नाही, आजी."

तिनं ते घरी येऊन सांगितलं, शब्द न् शब्द. दुर्दानेचे पाय सुजले होते, चपला चढत नव्हत्या. कामं आता हुरूच करायची, सगळी, आणि दुर्दानेला बसवून ठेवायची, आणि त्या बसवण्यानंही दुर्दानेच्या अंगावर काटा यायचा... प्रेम उशिरा आलं की असंच, कुठं ठेवावं कळत नाही.

द्राक्षं उतरली, काकवीचा दिवस आला. बायका जमल्या, चुली पेटल्या. हुरूनं गोळ्या घेतल्याच नव्हत्या, म्हणायची त्या पोरींसाठी आहेत, मला कशाला. आणि त्या सकाळी तिच्या पोटात उठलं. दुर्दानेनं पाहिलं, ती पट्टा घेऊन भिंतीशी उभी होती, कपाळावर घाम, गरम दगड हातात.

"ठेव तो," दुर्दाने म्हणाली.

"सहा कढया चढल्यात."

"उतू जाऊ दे. झेलिहा बघेल. झोप."

"बायका काय म्हणतील?"

"जे माझ्याबद्दल म्हणायच्या तेच म्हणतील. तूच शिकवलंयस त्यांना." मग ती म्हणाली, "मावशी, मी तुला माफ केलेलं नाही. होईल असंही वाटत नाही, तेवढे दिवसही नाहीत माझ्याकडे. पण झोप. पोरीला कळू दे, दुखलं की झोपायचं असतं."

हुरू गादीवर बसली. मग पाठीवर आडवी झाली, दोन्ही हात सरळ, मढ्यासारखी, आणि कळ आली तशी ताठ होऊन तळमळायला लागली. चाळीस वर्षांत ती दिवसाउजेडी दुखणं घेऊन कधी पडलीच नव्हती. कसं पडायचं ते तिला माहीतच नव्हतं.

दुर्दाने आपले सुजलेले पाय ओढत गादीपर्यंत आली, तिच्या शेजारी कुशीवर झाली.

"अशी," ती म्हणाली. "कुशीवर हो. गुडघे पोटाशी घे. आणखी वर. आता हळू श्वास सोड."