दोराचे राखणदार

एकाच गुंडाळीचे दोन दोर. एक वर्षभर होडीच्या पोटात अंधारात पडलेला, दुसरा वर्षभर छपरावर उन्हात ठेवलेला. दोन्ही निळे, दोन्ही ओढून तुटत नाहीत. मग नांगराला कुठला बांधायचा?

अर्नाळ्याच्या हरेश तांडेलला यात कोडं दिसतच नव्हतं. उन्हाने बोंबील टिकतो, मग दोरही टिकणार. उद्या नारळी पौर्णिमा. समुद्राला नारळ वाहून त्याची सौरहोडी निघणार आणि छपरावरच्या दोराच्या भरवशावर खडकांजवळ नांगर टाकणार. त्याची अकरा वर्षांची शर्वी मात्र अडून बसली. त्याच छपरावरची प्लास्टिकची बादली तिच्या हातात पापडासारखी मोडली होती. बापाने तिला शहाणीबाय म्हणून चिडवलं. उत्तर सुचलं नाही की मोठी माणसं चिडवतात, हे लिहून ठेवा.

शर्वीने दोन्ही दोरांचे शेंडे कापले आणि आत्याकडे नेले. मंजुळाआत्या बंदरावरच्या प्रयोगशाळेत काम करायची. तिने तुकडे दाबून पातळ चकत्या केल्या, धातूच्या दोन ताटल्यांमध्ये ठेवल्या आणि द्रवरूप हेलियमने शून्याखाली दोनशे एकोणसत्तर अंशांपर्यंत गारठवल्या.

एवढी थंडी कशाला, शर्वीने विचारलं.

“मासळीच्या लिलावात कुजबुज ऐकू येते का गो? थंडीत बाकीचे रेणू गप्प बसतात. ज्याला गप्प बसताच येत नाही, तोच तेवढा ऐकू येतो.”

मग आत्याने नीट समजावलं. दोर म्हणजे बहुवारिक (सारख्या कड्यांच्या लांबच लांब साखळ्या). ऊन आणि ऑक्सिजन मिळून त्या तोडतात, हे ऑक्सिडीकरण. म्हणून दोर बनवतानाच त्यात प्रतिऑक्सिडक (स्वतः खर्ची पडून साखळी वाचवणारे राखणदार रेणू) मिसळतात. या राखणदाराला ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी असते, तिचं एक टोक किंचित धन, दुसरं ऋण. ताटल्यांमधल्या विजेची दिशा सेकंदाला हजारो वेळा उलटवली की ही जोडी त्या थंडीतही हलते आणि चिमूटभर ऊर्जा खाते. ती खाल्लेली ऊर्जा मोजायची. याला म्हणतात परावैद्युत मोजणी (जो पदार्थ वीज वाहू देत नाही, तो विजेपुढे कसा वागतो हे पाहणं).

एवढ्यात हरेश शर्वीला न्यायला आला. यंत्राच्या पडद्यावर खाल्लेल्या ऊर्जेच्या रेषा उमटल्या होत्या. अंधारातल्या दोराच्या रेषेला छान उंचवटा होता. छपरावरच्या दोराची रेषा सपाट.

“सपाट म्हणजे चांगला ना?”

“सपाट म्हणजे राखणदार संपले, बाबा,” शर्वी म्हणाली. “आज ओढून नाही तुटणार. पण आता ऑक्सिजन थेट साखळ्यांवर येणार. वादळात तुटला तर तुम्ही खडकावर जाल.”

वर्षानुवर्षं दोर विकणाऱ्यांपैकी एकानेही हरेशला हे एक वाक्य सांगितलं नव्हतं. लाज वाटायची तर त्यांना वाटू दे.

दुसऱ्या दिवशी नांगराला अंधारातला दोर लागला. छपरावरचा बोंबील वाळवायच्या बांबूंना बांधला. तिथे तुटला तर फार तर मांजरांची दिवाळी. आणि हरेश बंदरभर, जणू शोध त्यानेच लावला अशा थाटात, सांगत सुटला, “बोंबलाला ऊन, दोराला सावली.”

शर्वीने त्याला टोकलं नाही. तिला वेळच नव्हता. बारा होड्यांच्या दोरांचे शेंडे काडेपेटीत भरून ती आत्याकडे निघाली होती.