पुढे ओढलेली सीट

तो गाडीतून उतरला तेव्हा आधी त्याचे गुडघे बाहेर आले, मग तो.

अमरावतीला बडनेरा रोडवर आमचं शोरूम आहे. त्याच्या मागच्या मोकळ्या जागेत मी रंगाची जाडी मोजायचं यंत्र घेऊन उभी होते. लोक जुनी गाडी देऊन नवी घेतात. ती जुनी गाडी तपासून तिची किंमत ठरवणं हे माझं काम. फिजिक्समध्ये एम.एस्सी. झालेली पोरगी परक्यांच्या गाड्यांखाली वाकते, याचं अकोल्याला माझ्या आईला अजून वाईट वाटतं. मला वाटत नाही. गाडीला काही लपवता येत नाही.

"तुमची उंची किती?" मी विचारलं.

"काहून? माही पण तपासणी हाय का?"

"सीट फार पुढे आहे. स्टिअरिंग गुडघ्याला लागत असेल."

"लागते." तो गुडघा चोळत हसला. "ज्यांची गाडी हाय त्यांची जागा हाय ते. मी हलवली नाही."

डिसेंबरातलं सकाळचं ऊन होतं. उन्हात यंत्राचे आकडे दिसत नाहीत, मी दर वेळी हाताने आडोसा करते. तिसऱ्या आकड्याला माझ्या लक्षात आलं, की आडोसा न करताही आकडा दिसतोय. तो माझ्या बाजूला येऊन उभा राहिला होता आणि त्याची सावली बरोबर यंत्रावर पडत होती. मी पुढच्या दरवाजाकडे सरकले — सावलीही सरकली. पूर्ण गाडीला आम्ही तशी प्रदक्षिणा घातली.

त्याचं नाव नितेश. गाव अंजनगाव सुर्जी. केळीच्या आणि पानमळ्याच्या शेतकऱ्यांना ठिबकच्या नळ्या विकायचा.

"डावा मागचा दरवाजा पुन्हा रंगवलाय," मी म्हणाले. "बाकी सगळीकडे एकशे वीसच्या आसपास आहे. इथे दोनशे साठ."

"गोठ्याच्या खांबाले लागला होता. त्या शिकून राहिल्या होत्या तवा."

"कोण शिकवत होतं?"

"मीच."

किमतीसाठी हा प्रश्न लागत नाही. फॉर्मवर तसा रकानाही नाही. तरी मी विचारला होता.

मग मी आत बसले, आणि त्या सीटवर माझे पाय नीट पोचले. म्हणजे ती बाई माझ्याएवढीच असणार. डोक्यावरची ऊन अडवायची पट्टी खाली केली. तिच्या मागच्या छोट्या आरशाच्या काठाला टिकल्या चिकटवलेल्या होत्या. एकीखाली एक, सरळ रांगेत. नऊ मरून, दोन काळ्या. अकरा.

"ह्या काढून टाकू? गाडी देताना आतून साफ लागते."

तो आतापर्यंत सारखा हसत होता. आता थांबला. "राहू द्या," म्हणाला. "आज नको."

मी पट्टी वर केली. मला त्या टिकल्यांचा राग आला. ओळख होऊन चाळीस मिनिटं झालेल्या माणसापायी असं वाटायचं काही कारण नव्हतं, हे मला कळत होतं. कळून फरक पडला नाही.

आर.सी. बुक पाहिलं तेव्हा मी जरा सावरले. गाडी चंदा नावाच्या बाईंची होती आणि पतीच्या जागी नाव होतं — गोपाल.

"गोपाल कोण?"

"दादा. मोठा भाऊ."

वहिनी! माझं अक्षर एकदम सुरेख येऊ लागलं. 'जुन्या गाडीच्या मालकाशी नाते' या रकान्यात मी ठसठशीत 'वहिनी' असं लिहिलं. लिहून झाल्यावर नियम आठवला.

"एक अडचण आहे. नवी गाडी तुमच्या नावावर घेताय ना? कंपनीचा एक्सचेंज बोनस मिळायचा तर जुनी गाडी तुमच्या तरी नावावर हवी, नाहीतर नवरा-बायको, आई-वडील, मुलं, सख्खी भावंडं यांच्या. वहिनी चालत नाही. गाडी भावाच्या नावावर असती तर—"

"दादाले जाऊन तीन वर्षं झाली."

मी पेन खाली ठेवलं. तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून आमचा सेल्सवाला ओमप्रकाश बोलला. त्याने फक्त नियम ऐकला होता, पुढचं वाक्य नाही.

"मंग भाऊ, त्याईच्याशीच लगीन लावून टाका ना. बोनस पक्का."

ओमप्रकाश एकटाच हसला. नितेशने टेबलाच्या कडेवरून बोट फिरवलं.

"घरचे तेच म्हणून राहिले," तो हळू आवाजात म्हणाला.

मी तो रकाना पांढऱ्या शाईने खोडला.

"तुम्ही काय म्हणालात?" पांढरी शाई वाळेपर्यंत मी खाली पाहत विचारलं.

"काहीच नाही म्हटलं अजून." मग जरा थांबून, "वहिनी बी काही बोलत नाही. चार महिन्यांपासून त्या अकोल्याले हाय, सरकारी दवाखान्यात सिस्टर. बदली झाली. गाडी आमच्याकडंच रायली. बाबा म्हणते, बाईमाणसाले एकटीले काय करायची गाडी, देऊन टाका, नवी घ्या."

चार महिने. चार महिने हा माणूस गुडघे आपटून घेत गाडी चालवत होता, आणि एकदाही त्याने सीट मागे सरकवली नव्हती. दांडी ओढायची, मागे रेटायचं. तीन सेकंदांचं काम. कोणी कोणासाठी तीन सेकंद चार महिने थांबत असेल, तर त्याला काय म्हणायचं? मला एकच शब्द सुचत होता, आणि तो मला आवडत नव्हता.

"बोनस नाही मिळाला तरी गाडी देता येते," मी म्हणाले. "कागदांवर त्यांची सही लागेल. मी शनिवारी अकोल्याला घरी जातेच. सही आणते."

"तुमी काहून त्रास घेता?"

"माझं कामच आहे."

ते माझं काम नव्हतं. मला तिला पाहायचं होतं.

"मग मीच नेतो तुमाले," तो म्हणाला. "गाडी बी पाहून घेतीन त्या शेवटची."

शनिवारी सकाळी तो मला घ्यायला आला. अंजनगावहून अकोल्याला अकोटवरून सरळ जाता येतं. अमरावतीवरून गेलं तर अंतर जवळजवळ दुप्पट होतं. हे मी आदल्या रात्री नकाशात पाहून ठेवलं होतं.

रस्त्याच्या दोन्ही कडांच्या बाभळींना कापसाचे पुंजके लटकले होते. जिनिंगला गेलेल्या गाड्यांमधून उडालेले. मूर्तिजापूरच्या पुढे एका बाईकडून त्याने उकडलेल्या तुरीच्या शेंगा घेतल्या आणि कागदाचा पुडा माझ्या मांडीवर ठेवला. गरम होता. गाडी खड्ड्यातून गेली की त्याचा गुडघा स्टिअरिंगला लागायचा, आणि प्रत्येक वेळी तो आवाज मला लागायचा.

"सीट मागे घ्या ना," शेवटी मी म्हणाले.

"आता कितीसं रायलं? बोरगाव मंजू आलंच."

"म्हणजे हलवायची नाहीच तुमाले. काहून बरं? एवढी कोन्ती देवाची जागा हाय ते?"

बोलून गेल्यावर माझ्या कानांना ऐकू आलं. घरी मी अशीच बोलते. शोरूममध्ये कधीच नाही.

त्याने माझ्याकडे पाहिलं. रस्ता सोडून, जरा जास्तच वेळ.

"पहिल्यांदा बोलल्या तुमी आपल्या भाषेत," तो म्हणाला. "चिडल्यावरच येते का ते?"

"समोर बघा."

"बघून राहिलो."

"समोर, म्हटलं."

मी शेंगा सोलत राहिले. पाच सोलल्या की दोन त्याच्या तळहातावर. ते तरी मी नीट मोजून केलं.

चंदाताईंनी दार उघडलं. ठेंगण्या, गव्हाळ, छत्तीसच्या आसपास. सुती साडी, ओले केस — आणि कपाळावर मरून टिकली. तीच, त्याच आकाराची. माझ्या मनात चार दिवस जुळवून ठेवलेलं सगळं एका जागी येऊन बसलं. ही टिकली आज लावली, कारण तो येणार होता. त्या दिसायला साध्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. नव्हत्या.

"या भाऊजी. अन ह्या?"

"शालू... शालिनी मॅडम. शोरूमच्या."

त्यांनी मला एकदा खालून वर पाहिलं, मग त्याला. मग चहा टाकायला गेल्या. चहा झाल्यावर मी कागद पुढे ठेवले, सहीच्या जागा दाखवल्या. त्यांनी पेन हातात घेतलं आणि तसंच धरून बसल्या.

मला ते असह्य झालं. "गाडीत आरशाला टिकल्या आहेत," मी म्हणाले. "अकरा. काढून टाकू, की तुम्हाला हव्यात?"

चंदाताईंनी नितेशकडे पाहिलं. "अजून हाय त्या?"

"हात नाही लावला मी."

"म्हणजे तुमाले माहीत होतं?"

"मी आरसा पाहत नाही काय, वहिनी?"

त्या माझ्याकडे वळल्या. "भाऊजींचे दादा गेल्यावर घरात टिकली लावायची सोय नव्हती. सासूबाई काही बोलत नव्हत्या, पण पाहत होत्या. मंग ड्युटीले निघाली का गावाबाहेर गाडी थांबवून लावत होती. परत येतानी फाटकाच्या आधी काढून तिथंच चिकटवत होती. फेकायले जीव होत नव्हता." त्यांनी कपाळाला बोट लावलं. "इथं कोणी पाहत नाही. सकाळी उठली का लावते. बदली मी मागूनच घेतली, मामाजींले, म्हणजे सासऱ्यांले, सांगितलं नाही एवढंच."

ती टिकली कोणासाठी नव्हती. मी कपातल्या सायीकडे पाहत राहिले. चार दिवस मी जे मोजत होते, त्याचा मी मांडलेला अर्थ मुळातच चुकला होता, आणि चूक कळल्याचं इतकं सुख मला प्रयोगशाळेत कधी झालं नव्हतं. पण अजून एक गोष्ट राहिली होती. ती चंदाताईंनीच काढली.

"मामाजी रोज फोन करून राहिले. नव्या गाडीत बसून ये म्हणते, साखरपुडा उरकून टाकू. भाऊजी, खरं सांगा. तुमाले माह्याशी लगीन करायचं हाय?"

नितेशचे कान लाल झाले. मी शेंगांची टरफलं ठेवलेला पुडा पर्समध्ये घट्ट धरला होता.

"नाही," तो म्हणाला.

"मंग बोलले काहून नाही?"

"तुमाले वाईट वाटन म्हणून. नाही म्हटलं तर तुमचा अपमान होईन."

"अन मी चूप रायली तुमाले वाईट वाटन म्हणून!" चंदाताईंनी कपाळावर हात मारला. "बाप्पा, मी त्या घरात आली तवा तुमी नववीत होते. हाफपँटात पायलं हाय मी तुमाले. डबा भरून दिला हाय. अशा माणसाच्या नावाचं कुंकू लावू का मी?"

त्या हसू लागल्या. मग तोही. मी उशिरा हसले, पण सगळ्यात जास्त वेळ हसले. चंदाताईंनी ते बरोबर टिपलं.

नितेश गॅलरीत गेला. आवाज आत येत होता. "बाबा, वहिनीचं अन माहं तसं होणार नाही... नाही, कोणी शिकवलं नाही... दोघांचं बी नाही हाय... गाडी? गाडी वहिनीची हाय. देत नाही."

तो आत आला आणि किल्ली चहाच्या कपाजवळ ठेवली.

"भाऊजी, अन तुमची नवी गाडी?"

"घेऊ कधी तरी. जुनी द्यायची नाही तर नाही."

मी कागद उचलले. सह्या झाल्या नव्हत्या. आम्ही खाली गेलो. चंदाताई गाडीत बसल्या, पाय पुढे टाकले — क्लचवर, ब्रेकवर. काहीही हलवावं लागलं नाही. त्यांनी सीटच्या दांडीकडे हात नेला होता, तो तसाच थांबला.

"तुमी हे... एवढे दिवस?"

"तुमी केव्हा तरी मागान असं वाटे," तो म्हणाला. "जमवून ठेवलेली बरी."

त्यांनी पट्टी खाली केली, टिकल्यांवरून बोट फिरवलं आणि गाडी सुरू केली. कोपऱ्यावर वळताना हॉर्न वाजवला, गरज नसताना.

मी त्याच्यासोबत बसस्टँडवर गेले. का, ते त्याने विचारलं नाही. अकोटमार्गे अंजनगावला जाणारी एक गाडी लागली होती. ती गेली. तो बाकावर बसूनच होता, पाय लांब सोडून.

"आता गुडघे बरे असतील," मी म्हणाले.

"मॅडम, तुमी मंगळवारपासून चिडून हाय ना?"

"मंगळवारी सकाळी साडेअकरापासून." खोटं बोलायला मला जमत नाही. "मी तुमच्या वहिनींवर जळत होते. टिकल्या मोजल्या होत्या मी. सहीचं काम माझं नव्हतं. मी त्यांना पाहायला आले होते."

हे बोलताना मी फलाटाच्या पाटीकडे पाहत होते. मग ऊन माझ्या डोळ्यांवरून निघून गेलं. तो उठून समोर उभा राहिला होता, सावली बरोबर माझ्यावर पडेल असा.

"मी बी अकोटवरून येऊ शकलो असतो," तो म्हणाला. "जवळ पडते."

"माहिती आहे. दुप्पट अंतर होतं."

"मोजलं?"

"मोजलं."

दुसरी गाडी आली. कंडक्टर ओरडला, अंजनगाव, अंजनगाव. नितेशने तिकडे पाहिलंही नाही.

"एक विचारू? नियम काय हाय म्हटलं तुमी... नवी गाडी नवऱ्याच्या नावावर अन जुनी बायकोच्या असली, तर चालते?"

"चालते. यादीत पहिलं नाव त्यांचंच आहे."

"मंग मी आता जे गाडी घेईन," तो सावकाश म्हणाला, "ते कोणाच्या नावावर घेऊ?"

कागद अजून माझ्या हातात होते. सगळ्यात वर तो फॉर्म, आणि त्यात पांढऱ्या शाईखाली झाकलेला रकाना. मी फॉर्मची घडी घातली, एकदा, मग अजून एकदा.

"आधी माझ्या घरी चला," मी म्हणाले. "आई जेवायची थांबली असंन. बाकीचं मंग पाहू."

"आता तर चिडल्या नाही तुमी," तो म्हणाला. "तरी आपल्याच भाषेत बोलल्या."

दुसरी गाडीही गेली.