पाचवे शील

एकाच व्याधीने ग्रासलेल्या दोघांपैकी एकाला उपचार मिळावा आणि दुसऱ्याला केवळ आडनावापायी दारातून परतवावे, याहून मोठा अधर्म कोणता!

मिल बंद पडली, तेव्हा सूतखात्यातला वाल्मिक आणि कचेरीतला शरद एकाच कलालीवर दारू प्यायला बसू लागले होते. दर पौर्णिमेला विहारात वस्ती पंचशील म्हणे. मद्य वर्ज्य करणारे पाचवे शील आले की वाल्मिकचे ओठ मिटत. खोटे व्रत त्याच्याने घेववत नसे… आणि ते मौन कुणाला कळू नये म्हणून त्याची पत्नी आनंदी आपला स्वर चढवी. पतीच्या लज्जेवर तिने वर्षानुवर्षे आपल्या आवाजाचे पांघरूण घातले होते.

अखेर ती त्याला व्यसनमुक्ती केंद्रात घेऊन गेली. तिथल्या नोंदणीच्या बाबूने आडनाव विचारले, मग वस्ती.

"खाट खाली नहीं है. गोली ले जाओ."

त्याच आठवड्यात शरद तेथे दाखल झाला आणि काही आठवड्यांनी बरा होऊन परतला. आनंदीने त्याचे दार गाठले.

"शरदभाऊ, तुम्हाला खाट कशी मिळाली?"

त्याची मान खाली गेली. "वहिनी, खोटं नाही बोलणार. माझ्या बाजूची खाट पूर्ण वेळ खालीच होती."

"मग हे मला नका सांगू, तिथे चलून बोला."

केंद्रात बाबूने पुन्हा तेच उत्तर दिले, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "बाबूजी, हे तुमचेच पेशंट. खाली खाट यांनी डोळ्यांनी पाहिली आहे. आता यांच्यासमोर मला नाही म्हणा."

शरद तिच्या बाजूला उभा राहिला. बाबूने खाट दिली.

वैशाखी पौर्णिमेला, बरा होऊन परतलेल्या वाल्मिकशेजारी विहारात बसताना आनंदीचे हृदय नववधूसारखे धडधडत होते. चौथे शील संपले. सवयीने तिने श्वास भरला, तोच वाल्मिकने तिच्या हातावर हात ठेवला.

"आज तू हळू म्हण."

"का हो?"

"माझा आवाज मला ऐकू येऊ दे."

ती गप्प राहिली… आणि तिच्या शेजारून एक घोगरा, कापरा, परंतु अखंड स्वर उठला, "सुरामेरय…"

मागे दाराशी शरदनेही हात जोडले. आनंदीच्या डोळ्यांतून धारा वाहत होत्या, आणि त्या पुसण्याची तिला घाई नव्हती.

वाल्मिक आणि शरद या दोघांचे, आणि अजून दाराबाहेर उभ्या असलेल्या सर्वांचे, मंगल होवो.