करकरणारे बूट

मी स्टुडिओत सिनेमातल्या जाड्याची पावलं वाजवत होते आणि दार उघडून तो आत आला... करकर, करकर, करकर.

"कट. कोण आहे ते?" काचेपलीकडून मामाचा आवाज आला. मामा आमचा साउंड रेकॉर्डिस्ट.

"सॉरी... मी ड्रम वाजवतो. पार्श्वसंगीत इथेच ना?"

"शेजारी," मी म्हणाले. माझ्या पायांत जडशीळ पुरुषी बूट होते आणि अंगात, कापडाची सळसळ यावी म्हणून, घोट्यापर्यंतचा ओव्हरकोट. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि हसू दाबलं. मला भयंकर राग आला. त्याच्या गालाला खळी पडते हेही तेव्हाच दिसलं, पण ते रागाच्या भरात.

तो परत जायला वळला. करकर...

"थांबव त्याला," मामा म्हणाला. "हे रोड्याचेच बूट."

सिनेमा होता दोन गुप्तहेरांचा. जुना काळ, काळं-पांढरं चित्र, तिरप्या हॅट, दिव्यांखाली चमकणारे ओले रस्ते. आणि चोर नाकासमोरून गेला तरी एकमेकांशी वाद घालणारे हे दोघे, जाड्या आणि रोड्या. शूटिंगमध्ये पावलांचा आवाज नीट येत नाही. तो आम्ही नंतर स्टुडिओत भरतो, पडद्याकडे बघत, ओल्या फरशीवर जागच्या जागी चालून. रोड्याची पावलं माझा दादा वाजवायचा, पण त्याचा पाय मुरगळला होता. मामानं ड्रमवाल्याला त्याच्या जागी उभं केलं.

पहिले काही दिवस मजेत गेले. मग एका संध्याकाळी मामा बाहेर आला.

"जाड्या कायम अर्धं पाऊल मागे असतो. लोक त्यावरच हसणार आहेत. आणि तुम्ही? एकच माणूस चालल्यासारखं वाटतंय. उद्याही असंच झालं तर मी दुसरा माणूस बघतो."

मामा बोलतो ते करतो. करकर ऐकल्याशिवाय माझी सकाळ सुरू होत नव्हती, आणि हे मी कुणाला सांगणार?

"उद्या माझ्याकडे बघू नका," मी त्याला बजावलं.

"बघत नाही... ऐकतो. ताल कानावर पडला की पाय आपोआप तिथेच पडतो."

"मग ऐकू नका."

"मग तुम्ही चालू नका."

"तुम्हाला काढून टाकतील, कळतंय का?"

"काढू देत. शेजारी ड्रम आहेत की."

"मग जा तिकडेच!"

मामानं तेवढ्यात गंमत म्हणून चित्र सुरू केलं. आम्ही फणकाऱ्यातच चाललो. तो पुढे, मी धुसफुसत मागे.

"अगदी बरोबर," मामा म्हणाला. "असेच भांडत राहा."

झालं. प्रत्येक टेकआधी भांडण. त्याच्या चहाच्या भुरक्यांवरून, माझ्या नाकावरच्या रागावरून. भांडताना अहो-जाहो कुठे टिकतं... आम्ही कधी अरे-तुरेवर आलो ते कळलंच नाही.

शेवटचा प्रसंग उरला. चोर पकडलाय, पहाट होतेय आणि दोघं प्रथमच एका तालात चालत दूर जातात.

"आज भांडायचं नाही," मामा म्हणाला. "आज जुळवा."

दिवे मंदावले. आम्ही चाललो. एकही पाऊल चुकलं नाही, आणि मला रडू येत होतं, कारण उद्यापासून दादा परत येणार होता.

पडद्यावरचे दोघे धुक्यात विरले. पडदा काळा झाला.

"हे बूट..." तो हळूच म्हणाला. "आता बदलू का? शेजारच्या स्टुडिओत सगळे वैतागलेत."

"नको."

"का?"

"तू येतोयस हे मला कळणार कसं?"

मग... करकर. एक पाऊल. आणखी एक. माझ्या अगदी समोर.

"रोज येईन," तो म्हणाला. "तू मला आवडतेस हे सांगायला तेवढा वेळच मिळाला नाही, सारखं भांडावं लागत होतं."

"आता सांगितलंस की," मी म्हणाले, आणि ओव्हरकोटाच्या लांबलचक बाहीतून हात बाहेर काढून त्याच्या हातात दिला.

काचेपलीकडे मामा खाकरला. माइक चालूच होते.

"टेक ओके," तो म्हणाला. "शेवटची दोन पावलं चित्रात नाहीत. ती तुमची तुम्ही घरी घेऊन जा."