मागोमाग सलाईन

नव्या सिस्टरची आणि तिथल्या ब्रदरची, म्हणजे पुरुष नर्सची, पहिली गाठ पडली ती एका पेशंटच्या दंडापाशी. जनरल वॉर्डातून इमर्जन्सीत येऊन तिला जेमतेम आठवडा झाला होता. समोर धापा टाकणारे एक शिंपीकाका आणि मॉनिटरवर ठोक्यांची नुसती पळापळ. डॉक्टरांनी ठोके ताळ्यावर आणणारं अ‍ॅडेनोसीन द्यायला सांगितलं. हे औषध भारी नखरेल! शिरेतून झटक्यात द्यायचं, मागोमाग सलाईन ढकलायचं, नाहीतर हृदयाशी पोचायच्या आतच त्याचा जोर संपतो. म्हणून दोघं लागतात. औषधाची सिरिंज ब्रदरच्या हातात, सलाईनची तिच्या. त्याने मान वर केली... तिनेही केली. सलाईन रेंगाळलं, आणि मॉनिटरवर ढिम्म फरक पडला नाही.

दुसऱ्या डोसाने काका सावरले, पण इन्चार्ज सिस्टरांनी तिला बजावलं, पुन्हा असं झालं तर जनरल वॉर्डात परत.

तिने चंगच बांधला. इथे यायला तिने वरिष्ठांचे उंबरे झिजवले होते, सहजासहजी ती हलणार नव्हती. रोज जेवणाच्या सुट्टीत सरावाचा प्लॅस्टिकचा हात काढायचा आणि ब्रदरला वेठीस धरायचं. तोही गुमान यायचा.

"डोळे सिरिंजवर ठेवा," ती दटावायची.

"तेच तर अवघड आहे," तो म्हणायचा. ती ऐकूच न आल्यासारखं करायची, पण कान लाल व्हायचे.

सगळे त्याला ब्रदर म्हणत. तिच्या तोंडून मात्र तो शब्द निघेनासा झाला. ती 'अहो... जरा' म्हणून वेळ मारून नेई, आणि ते ऐकून बाकीच्या सिस्टर्सना खोकला येई.

एका दुपारी एक मुख्याध्यापिका आल्या. छातीत धडधड, हात गार, दाराशी यजमान त्यांची पर्स छातीशी धरून उभे. पुन्हा तेच औषध. क्षणभर छातीत कसंतरी होईल, घाबरू नका, असं तिने बाईंना समजावलं.

"देतोय," तो म्हणाला. त्याचा हात सुटला, तसा तिचाही. कुणी कुणाकडे पाहिलं नाही. मॉनिटरवरची रेघ सपाट झाली... खोलीतल्या सगळ्यांनी श्वास रोखला... मग एक ठोका. आणखी एक. मग सगळे शिस्तीत एकामागून एक.

"झालं?" बाईंनी विचारलं.

इन्चार्ज सिस्टर तिला एवढंच म्हणाल्या, इथेच राहा.

बेसिनपाशी हात धुताना तो हळूच म्हणाला, "पहिल्या दिवशी औषध ढकलताना माझाच हात ढिला पडला होता, म्हणून तुमचं सलाईन रेंगाळलं. तुमच्याकडे बघत होतो. इन्चार्ज सिस्टरांना मी तेव्हाच सांगितलं. त्या म्हणाल्या, सराव दोघांनाही हवाय."

"आणि मला?"

"तुम्हाला सांगितलं असतं, तर तुम्ही रोज आला नसतात."

तिला भयंकर राग आला. किती दिवस ती स्वतःलाच बोल लावत होती! पण रागाच्या तळाशी दुसरंही काही होतं, आणि ते गिळून टाकायची तिची तयारी नव्हती. तिने नळ बंद केला.

"मला तू आवडतोस," ती म्हणाली. "पण पुन्हा काही लपवलंस, तर याच वॉर्डात राहीन आणि तुझ्याशी बोलणार नाही."

"नाही लपवणार."

"मग बघ आता माझ्याकडे. इथे कुणाचे ठोके पळत नाहीयेत."

"माझे पळतायत..."

तिने ओल्याच हाताने त्याचं मनगट धरलं, आणि सोडलं नाही.