तिसरी नळी

दिवा राहू दे तसाच, सांगते. तुम्हाला घाबरवायचा हेतू नाही. तो हात आठवला की मला अजूनही पहिल्यांदा कौतुकच वाटतं. भीती मागून येते.

त्या दुपारी मी बाबांना डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. मी तिथेच ऑपरेशन थिएटरमध्ये सिस्टर. म्हणजे वाट रोजचीच, फक्त बाबांचा हात धरून. बाबा न्हावी. काचबिंदूने त्यांचा डावा डोळा आधीच गिळला होता, तोही चोरपावलांनी. हा आजार दुखत नाही, खुपत नाही. डोळ्यातल्या पाण्याचा निचरा तुंबतो, आतला दाब चढतो आणि कडेकडेची नजर विझत जाते. आता उजव्या डोळ्यातही तेच सुरू झालं होतं आणि औषधाचे थेंब दाद देत नव्हते. तो डोळाही गेला असता तर बाबांच्या हातातली कात्री सुटली असती. कात्रीशिवाय बाबा म्हणजे काय, हा विचारही मला सोसत नव्हता.

"अगं, नक्की करणार काय माझ्या डोळ्याला?" टेबलावर आडवं होता होता त्यांनी विचारलं.

"तुंबलेल्या मोरीला नळी बसवतात ना, तसंच. फक्त ही नळी साध्या डोळ्यांना धड दिसतही नाही."

"मग तुमच्या मॅडमना कशी दिसायची?"

"त्यांना दिसते. तुम्ही गप पडा."

आमच्या मॅडम, म्हणजे डोळ्याच्या सर्जन, कँटीनमध्ये चहा सांडल्याशिवाय कप उचलत नाहीत. पण टेबलापाशी बसल्या की तेच हात ओळखू येत नाहीत. बुबुळाच्या कडेला एक चीर, तीही अशी की टाका लागत नाही. पेशंटचं डोकं पलीकडे वळवायचं, सूक्ष्मदर्शक तिरका करायचा, डोळ्यावर एक खास भिंग टेकवायचं. मग डोळ्याचा तो आतला कोपरा दिसतो, जो एरवी कोणालाच दिसत नाही. तिथे सुईने नळ्या रोवायच्या. सुईत दोनच नळ्या असतात, कारखान्यातूनच भरून येतात. पेशंट जागा असतो, डोळा तेवढा बधिर. त्या दिवशी माझी ड्यूटी नव्हती. मी फक्त चादरीखालून बाबांचा हात धरून बसले होते. खोकला येतोय असं वाटलं तर त्यांनी माझं बोट दाबायचं.

खोलीतले दिवे मालवले. सूक्ष्मदर्शकाचा उजेड तेवढा बाबांच्या डोळ्यावर राहिला.

टिक्. पहिली नळी बसली. तिच्या तोंडाशी रक्ताचा पुसट धागा उमटलेला बाजूच्या पडद्यावर दिसला. नळी नेमक्या जागी गेल्याची ती खूण. टिक्. दुसरी.

"छान झालं," मॅडम म्हणाल्या आणि वीज गेली.

जनरेटर लागला नाही. बॅटरीनेही दगा दिला. असा काळोख की आपला हात आपल्यालाच दिसू नये. मशिनांची घरघर थांबली आणि एवढ्या माणसांचे श्वास एकदम ऐकू यायला लागले.

"कोणी हलू नका..." मॅडमचा आवाज अगदी हळू होता. "आजोबा, डोळा हलवू नका. सुई आत आहे..."

बाबांच्या उरल्यासुरल्या नजरेत सुई होती आणि ती धरणारीला काही दिसत नव्हतं. तेवढ्यात वास आला. स्पिरिटचा नव्हे. खळ घालून कडक इस्त्री केलेल्या कापडाचा. आमच्याकडे ऑपरेशनचे असे कापडी डगले कधीच बंद झालेत, आता सगळं वापरून फेकायचं.

"हो..." बाबा पुटपुटले. "बघतो... तिकडेच बघतो..."

"बाबा, कोणाशी बोलताय?"

"शू..."

आणि अंधारात आवाज आला. टिक्.

वीज आली तेव्हा मॅडम होत्या तशाच होत्या, हात जागच्या जागी, कपाळ घामाने निथळलेलं. त्यांनी सुई अलगद बाहेर काढली. डोळा शाबूत होता.

"त्या दुसऱ्या बाई कोण गं?" बाहेर आल्यावर बाबांनी विचारलं. "काय हात होता. उभा जन्म लोकांच्या मानेवर वस्तरा धरलाय मी, मला हात कळतो."

"दुसरं कोणी नव्हतं, बाबा."

"असं कसं? अंधारात तर त्यांनीच केलं ना काम."

महिन्याभराने तपासणीला गेलो. दाब इतका उतरला होता की मॅडमनी दोनदा मोजला. मग भिंग लावून त्या आत बघत बसल्या. बराच वेळ बसल्या.

"सिस्टर, मी किती नळ्या बसवल्या?"

"दोन."

"इथे तीन आहेत."

त्यांनी मलाही बघायला लावलं. दोन जरा तिरक्या होत्या. त्यांच्या मधोमध तिसरी, सरळ, जणू डोळ्याबरोबरच जन्माला आलेली.

"तिरक्या आहेत त्या माझ्या," मॅडम म्हणाल्या. "मधली... अशी मला अजून एकदाही जमलेली नाही." त्यांच्या आवाजात भीती नव्हती. गुरूबद्दल बोलावं तसं त्या बोलत होत्या, आणि खरं सांगते, मलाही त्या घटकेला हात जोडावेसे वाटले.

बाबा मात्र वैतागले. "नजर वाचली ना? मग मोजत काय बसलात? माझी गिऱ्हाइकं खोळंबलीत."

मॅडम हसल्या. उठता उठता मला म्हणाल्या, "हा आजार रक्तातून उतरतो. आलाच आहात तर तुम्हीही बसा." इतकी वर्षं त्या खोलीत काम करून मी स्वतःचे डोळे कधी दाखवले नव्हते. हनुवटी टेकवली. मॅडमनी थेंब घातला आणि भिंग लावलं. डावा डोळा ठीक निघाला. उजव्यात त्या बघत राहिल्या. मशीनच्या पलीकडून त्यांचा श्वास ऐकू येत होता, तो थांबला.

"सिस्टर," त्या अगदी हलक्या आवाजात म्हणाल्या, "तुमचं ऑपरेशन कोणी केलं?"