साफ म्हणजे काय साफ?

आजोबांचे दोनशे बारा निरोप वाचले. एकही पुसला गेला नाही.

बरं, हे मी सांगितलंच नाही. अजून काहीच झालेलं नाही. कॅलिस्टोवर (गुरूचा एक चंद्र, बर्फ भरपूर, शेजारी शून्य) घड्याळाप्रमाणे सकाळ आहे. मी रेणुका मगदूम, वय अकरा. आमचा संदेशग्राहक (दूरचे आवाज पकडणारं यंत्र) बंद पडलाय. बाबा बर्फाची जाडी मोजायला गाडी घेऊन गेलेत, तीन दिवसांनी येतील. यंत्र चालू होईपर्यंत ना त्यांचा आवाज येणार, ना पृथ्वीचा. स्थानकात फक्त मी आणि खलबत्ता. खलबत्ता हा रोबो. नाव आकारावरून पडलं. त्याला ते मान्य नाही.

"ताई, नवं सॉफ्टवेअर बसव," तो म्हणाला.

पडद्यावर ना बटणं, ना चित्रं. नुसती काळी पाटी. तिच्यावर आज्ञा टाइप करायच्या. कुठल्या आज्ञा चालतात ते कळावं म्हणून मी 'मदत' टाइप केलं. मदत आली:

--वगळून : वगळतो.
--सराव : सराव करतो.
--साफ : साफ करतो.
उदाहरण : वरीलप्रमाणे.

"थोडक्यात आणि मुद्देसूद," खलबत्ता म्हणाला.

मी 'बसव' टाइप केलं. उत्तर आलं: 'जागा अपुरी. --साफ वापरा.'

"वापर की. स्वच्छता चांगली."

"पण काय साफ?"

"साफ."

"अरे, काय?"

"लिहिलंय ना. साफ करतो."

आजोबांचे निरोप त्याच यंत्रात होते. बहुतेक सगळे मिरजेच्या घरावरच्या पाण्याच्या टाकीबद्दल. भरली. भरली नाही. भरून वाहिली, खालचे लोक ओरडले. आजोबा मे महिन्यात वारले. टाकीचं आता कुणी कळवत नाही.

मी हात मागे घेतला.

"खलबत्त्या, हे ज्यानं लिहिलं, त्याला साफ म्हणजे काय ते माहीत होतं. म्हणून सांगावंसंच वाटलं नाही. काकू आमटी कशी करायची ते सांगते ना, 'नेहमीचा मसाला, नेहमीएवढा'."

"मग आता?"

"सराव करू. क्रिकेटच्या नेटमध्ये आउट झालं तरी कुणी तंबूत पाठवत नाही."

पण 'सराव' म्हणजे तरी काय, ते कुठे माहीत होतं? म्हणून आधी 'साफ'ला हात न लावता नुसतं 'बसव --सराव' टाइप केलं. उत्तर: 'काहीही बदललेलं नाही. खरोखर केलं असतं, तर जागा कमी पडली असती.' म्हणजे हा नुसता वाचतो, लिहीत नाही. मग धीर करून शेजारी '--साफ' जोडलं.

'काहीही बदललेलं नाही. खरोखर केलं असतं, तर पुसलं असतं: आजोबा, २१२. बाबांच्या आवाजातल्या लावण्या, ४०.'

"मी स्वच्छतेबद्दल बोललो, ते मागे घेतो," खलबत्ता म्हणाला.

मग 'वगळून'चाही सराव केला. यादीतून आजोबा गेले, म्हणजेच वाचले. लावण्याही वगळायला गेले, तर जागा पुरेना. तेव्हा कुठे '--सराव' काढून खरी आज्ञा दिली: बसव --साफ --वगळून आजोबा.

खरखर झाली. मग आवाज आला, "रेणू, जेवलीस का गं?"

"जेवले. बाबा, तुमच्या लावण्या..."

"काय?"

"काही नाही. लवकर या."

दुपारी मदतीचा मजकूर मी नव्यानं लिहिला.

--साफ : जागा करण्यासाठी जुने निरोप आणि गाणी कायमची पुसतो. परत मिळत नाहीत. आधी --सराव लावून बघा.
--सराव : काहीही न बदलता, काय बदललं असतं ते दाखवतो.
--वगळून (नाव) : त्या नावाचं काही पुसत नाही. उदाहरण: बसव --साफ --वगळून आजोबा

कंपनीला पाठवून दिला. उद्या शनीजवळ कुणी एकटं बसलं असेल, तर त्याला निदान विचारायला माणूस लागणार नाही. खाली जागा उरली होती, म्हणून अर्जही जोडला:

'महोदय, यापुढे मदतीचा मजकूर लिहिणाऱ्या कर्मचाऱ्याने, तो वाचणाऱ्या व्यक्तीच्या शेजारी किमान अर्धा तास प्रत्यक्ष बसावे. एकेरी प्रवासास चार वर्षे लागतात. येताना स्वतःची खुर्ची आणावी. चहा मिळेल. तरी सदर विनंती मान्य व्हावी.'